कळशीतलं पाणी

सदानंदरावांना पाण्यातलं कळतं, हे तासगावात कुणीही सांगितलं असतं. आणि कुणी सांगितलं नसतं तर सदानंदरावांनी स्वतः सांगितलं असतं. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात त्यांचा उभा जन्म गेला. तुरटी किती घालायची, ब्लीचिंग किती, नदीला गढूळ पाणी आलं की काय करायचं, हे विचारायला साहेब लोक घरी येत. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. कुणाच्या लग्नाला गेले की आधी पाण्याचा घोट घ्यायचा, मान तरी हलवायची नाहीतर नाक तरी मुरडायचं, आणि मग पंगतीला बसायचं. बायको, अलकाताई, होत्या तोवर "पुरे आता, लोक बघतायत" म्हणून कोपर मारायला कुणीतरी होतं. त्या गेल्या आणि सदानंदरावांना अडवणारं कुणी उरलं नाही.

त्यामुळे रियाधला मुलाकडे आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर स्वयंपाकघरातला नळ सोडून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.

"मेलेलं पाणी आहे हे."

"बाबा, समुद्राचं पाणी गोडं करून आणतात इथं. कुठल्या कुठून नळानं येतं," शार्दूल म्हणाला. तो बँकेत होता, रियाधमध्ये त्याला बरीच वर्षं झाली होती.

"मग मी तेच म्हणतोय."

आणि मग बॅगेतून, दोन टॉवेल आणि एका धोतरात गुंडाळलेली, झाकणासकट तांब्याची कळशी निघाली. विमानतळावर तिच्यापायी त्यांना बाजूला घेऊन बॅग उघडायला लावली होती, तेही त्यांनी अभिमानानं सांगितलं. रोज कळशी लिंबू-मिठानं लख्ख घासायची, संध्याकाळी भरून ठेवायची आणि सकाळी त्यातलं पाणी प्यायचं. हा नेम लग्नापासूनचा. नातीला, अवनीला, त्यांनी घोटभर देऊन पाहिलं. तिनं तोंड वाकडं करून "आजोबा, इट टेस्ट्स लाइक कॉइन्स" असं सांगितलं आणि पळाली.

हॉलमध्ये एका भिंतीला धरून लांबलचक काचेची टाकी होती. आत हिरवंगार रान माजलेलं, त्यातून बोटभरही नसतील असे मासे फिरत होते. सदानंदरावांना टाकी आवडली. मग जवळ जाऊन चष्मा नीट करून पाहिलं, तर काचेला, पानांना, दगडांना लिंबाएवढ्या गोगलगायी चिकटलेल्या.

"अरेच्चा! ह्या कुठून शिरल्या?"

"शिरल्या नाहीत बाबा, पाळल्यात," सूनबाई म्हणाली.

सदानंदराव पोट धरून हसले. "आमच्या टाकीत गोगलगायी झाल्या की आम्ही मोरचूद टाकायचो. दुसऱ्या दिवशी सगळ्या उताण्या! आणि तू पाळतेस? काय गं मंजिरी, बघायला गरीब, न बोलणारी, आणि छंद हा? गोगलगाय न् पोटात पाय म्हणतात ते खोटं नाही."

मंजिरी हसली नाही. चहाचे कप उचलून आत गेली.

शार्दूलनं नंतर बापाला गॅलरीत नेऊन सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा मंजिरी कोल्हापुरात पीएचडी करत होती, पंचगंगेतल्या शंख-शिंपल्यांवर. ती अर्धी टाकून इथं आली. इथं नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या परवान्याच्या आधारानं राहायचं, मुलगी वाढवायची; नोकरीचं म्हणाल तर आज बघू, उद्या बघू. मग तिनं दुकानातून साध्या तपकिरी शंखाच्या गोगलगायींची एक जोडी आणली. त्यांची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं, प्रत्येक खेपेला त्यातली गडद रंगाची तेवढी निवडून वेगळी वाढवायची, असं वर्षानुवर्षं करत आता पिकल्या जांभळाच्या रंगाचा शंख तिनं टिकवून दाखवला होता. इथल्याच, समुद्रकाठच्या थुवाल गावातल्या विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंनी फोटो मागवले होते. आणखी एक पिढी ह्याच रंगाची निघाली तर त्या स्वतः बघायला येणार होत्या, आणि पुढं काही कामाचंही बोलू म्हणाल्या होत्या.

"तिचं इथं स्वतःचं असं तेवढंच आहे बाबा," शार्दूल म्हणाला. "आणि तुम्ही आल्या आल्या मोरचूद काढलात."

सदानंदरावांना वाईट वाटलं. पण माफी मागणं हे काही त्यांच्या पिढीच्या पुरुषांना शिकवलेलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून न सांगता दुधीच्या चकत्या उकडून ठेवल्या, कारण गोगलगायींना त्या लागतात हे त्यांनी रात्री जेवताना ऐकलं होतं. मंजिरीनं चकत्या पाहिल्या, सासऱ्याकडे पाहिलं, आणि एक चकती काट्याला टोचून त्यांच्याच हातात दिली.

तिथून त्यांचं जमलं. दोघांनाही पहाटे जाग यायची. शार्दूल आणि अवनी उठायच्या आत चहाचे कप घेऊन दोघं टाकीसमोर बसायची. गोगलगाय श्वास घ्यायला एक नळी पाण्याबाहेर कशी काढते, शंखाला चुना लागतो म्हणून अंड्यांची टरफलं कशी वाटून घालायची, हे मंजिरी सांगायची. पाण्याचा कठीणपणा म्हटला की सदानंदराव सावरून बसत. ते लगेच पुढचा प्रश्न विचारत. मग त्यावर ती उत्तर देई, त्यावर ते आणखी एक शंका काढत. त्या घरात इतक्या वर्षांत पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शार्दूल चांगला माणूस, पण "हो का? मस्त!" ह्याच्यापुढं त्याची गाडी जात नसे. मंजिरी आता बोलायला लागली की थांबेना. सदानंदरावांना तर अलकाताई गेल्यापासून सकाळ म्हणजे नुसती उजाडायची म्हणून उजाडायची. आता त्यांना सकाळची वाट बघावीशी वाटे.

एकदा तिनं टाकीचं काचेचं झाकण हळूच उचलून दाखवलं. आतल्या बाजूला, पाण्याच्या वर, अंगठ्याएवढा फिकट गुलाबी घोस चिकटला होता.

"अंडी. ह्यांची अंडी पाण्याबाहेर असतात. ओल पाहिजे, पण पाणी लागता कामा नये. हीच ती पिढी बाबा."

"थुवालच्या बाईंची?"

"थुवालच्या बाईंची," मंजिरी म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली.

आणि नेमका त्याच आठवड्यात मिरजेहून फोन आला. मंजिरीची आई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करायचं होतं. अवनीच्या शाळेला सुट्टी लागलेलीच होती. मायलेकींची तिकिटं काढली गेली. बॅग भरता भरता मंजिरी टाकीच्या सूचना देत होती, आणि त्या शार्दूलला नव्हे, सासऱ्यांना देत होती.

"उन्हाळा आहे, एसी चालू आहे, पाणी भराभर उडतं. रोज एक जग वरून घालावं लागेल. बाथरूममधला तो निळा ड्रम आहे ना, त्यातलंच. मी ते त्यांच्यासाठी तयार करून ठेवलंय. दुसरं काहीही नाही. बाबा, तुमच्यावर सोडून जातेय."

"तू निर्धास्त जा. पाण्याचं मला सांगतेस?"

सदानंदरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सून घरात आल्यापासून हे पहिल्यांदाच.

सुरुवातीला त्यांनी सांगितलं तसंच केलं. मग एका सकाळी घोस करडा पडून फुटला आणि रव्याच्या दाण्याएवढी पिल्लं टपाटप पाण्यात उतरली. सदानंदरावांनी शार्दूलला अंथरुणातून ओढून काढलं. मिरजेला व्हिडिओ कॉल झाला. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मंजिरी मोबाईलच्या पडद्याला नाक लावून पिल्लं बघत होती आणि रडत होती.

"रंग कळायला वेळ लागेल बाबा. तोवर सांभाळा फक्त."

सांभाळा म्हटल्यावर सदानंदराव पेटले. पिल्लं एवढीएवढीशी, आणि त्यांना पाणी कुठलं, तर प्लास्टिकच्या ड्रममधलं, चार दिवस कोंडलेलं, उन्हाळ्यानं कोमट झालेलं. त्यांनी ड्रममधलं थोडं जिभेवर घेऊन पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. शार्दूल तान्हा असताना त्याचं पोट सारखं बिघडायचं. तेव्हा अलकाताईंनी महिनोन्‌महिने त्याला कळशीतलंच पाणी उकळून दिलं होतं, आणि पोरगं बाळसं धरून उठलं होतं. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी आपण प्यायचं आणि लेकरांना शिळं घालायचं, हा कुठला न्याय? दुसऱ्या दिवसापासून सदानंदराव रोज सकाळी कळशीतलं जगभर पाणी टाकीत घालू लागले. स्वतः ते ड्रममधलं पिऊ लागले. पिल्लांसाठी म्हणून कळशी आता दुप्पट लिंबू लावून घासू लागले.

ह्यात कपट नव्हतं, लपवाछपवी नव्हती. शार्दूलनं विचारलं असतं तर त्यांनी अभिमानानं सांगितलं असतं. पण शार्दूल सकाळी डबा घेऊन बँकेत जायचा तो दिवस कलल्यावर यायचा, आणि टाकीकडे बघून "मस्त!" म्हणायचा.

मग मोठ्या गोगलगायी हळूहळू फिरेनाशा झाल्या. दुधी टाकला तर चकतीवर यायच्या त्या येईनात. काही दार लावल्यासारखं आपलं झाकण घट्ट मिटून तळाशी पडल्या, काही काचेवरून पार पाण्याबाहेर चढून बसल्या. पिल्लं तर दिसेचनात. सदानंदरावांना वाटलं, उष्म्यानं होत असणार. बाहेर नुसती भट्टी पेटली होती. त्यांनी काय केलं असेल? टाकीतलं थोडं पाणी काढून कळशीतलं आणखी एक जग वाढवलं. करायला गेले गणपती आणि होत होता मारुती, आणि मूर्तिकार खुशीत होता.

एका सकाळी चहाचा कप घेऊन ते टाकीसमोर बसले. जांभळ्या शंखांमधून मांस सैल होऊन लोंबत होतं. वास येत होता. मासे मात्र ठणठणीत होते, झाडं हिरवीगार होती. सदानंदरावांनी हात घालून एकेक गोगलगाय उचलली. एकही आक्रसली नाही.

शार्दूलनं मंजिरीला कळवलं. संध्याकाळी तिचा फोन आला तो सरळ सदानंदरावांना. मागं दवाखान्यात कुणाला तरी नावानं पुकारत होते.

"बाबा, मासे जिवंत आहेत?"

"हो. मासे आहेत."

"सगळे? आणि झाडं?"

"सगळं आहे गं. ह्याच तेवढ्या गेल्या."

मग तिचा आवाज बदलला. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत ती अशीच बोलत असणार. "मासे राहतात आणि गोगलगायी तेवढ्या जातात, हे तांब्याचं काम असतं बाबा. थोडंसंही तांबं त्यांना सोसत नाही. पण तिथं सगळे पाइप प्लास्टिकचे आहेत." तिला पुढचं विचारणं जड जात होतं हे मिरजेहून इथवर कळत होतं. "बाबा, रागावू नका. तुमच्या कळशीतलं तर पाणी घातलं नाहीत ना कधी?"

त्या क्षणी सदानंदरावांना सगळं कळलं. ज्या माणसानं पालिकेच्या टाक्यांत स्वतःच्या हातानं मोरचुदाच्या पुरचुंड्या सोडल्या, सकाळी जाळीनं मेलेल्या गोगलगायी गोळा करवल्या, त्याला मोरचूद म्हणजे तांबंच हे काय ठाऊक नव्हतं? पक्कं ठाऊक होतं. उडून जातं ते पाणी, त्यातलं बाकी सगळं मागंच राहतं आणि साठत जातं, हे तर त्यांनी हाताखालच्या कितीतरी पोरांना शिकवलं होतं. पण ते मोरचूद गोदामातलं, पोत्यातलं, विषारी. आणि ही कळशी घरातली, देवाशेजारी ठेवायची, अलकाताईंच्या हातची. दोन्हींतलं तांबं एकच असेल असं त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं.

"बाबा?"

"छे!" सदानंदराव म्हणाले. "तू ड्रममधलं सांगितलंस, मी ड्रममधलं घातलं. मला एवढं कळत नाही का?"

"तसं नाही बाबा. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार? मी आपलं विचारलं."

त्यांनी फोन ठेवला. आत्ता लगेच परत फोन लावावा आणि सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण तिच्या आईचं पहिलं ऑपरेशन फसलं होतं, दुसरं उद्यावर होतं. तिला आज हे कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावायला माणसाला कारण लागतंच, आणि शोधलं की ते सापडतंही.

पुढं जे झालं ते त्यांनी केलं नाही, नुसतं होऊ दिलं. तांबं नाही म्हटल्यावर मंजिरी दुसरं कारण शोधू लागली. शार्दूलला खोदून खोदून विचारता, मधे एकदा इमारतीत झुरळांची फवारणी झाली होती आणि शार्दूलनं त्या माणसांना घरात घेतलं होतं, हे निघालं. हॉलमध्ये मारू नका असं त्यानं सांगितलं होतं. स्वयंपाकघरात मारलं होतं.

"टाकी झाकली होतीस?"

"हॉलमध्ये मारलंच नाही मंजू, तर झाकायची कशाला?"

"एसीनं हवा फिरत नाही का घरभर? एवढी वर्षं माझ्या शेजारी राहून तुला एवढं कळू नये?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फोन स्पीकरवर होता; सदानंदराव शेजारच्या खोलीत पलंगावर बसून उघड्या दारातून बघत-ऐकत होते. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरल्याचं लक्षात आलं तशी त्यांना स्वतःची शिसारी आली. पोरगा मान खाली घालून ऐकून घेत होता. शेवटी तोच म्हणाला, "असेल बाई. माझीच चूक असेल."

सदानंदरावांनी त्या दिवशी कळशी पुसून, टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवली.

मंजिरी परत आली ती वाळून. आई आता वॉकर धरून उठत होती. टाकीसमोर ती उभी राहिली, पण रडली नाही. थुवालच्या बाईंना "सध्या येऊ नका" असं तिनं कळवून टाकलं होतं. सासऱ्यांशी ती पहिल्यासारखीच, उलट जास्तच मायेनं वागत होती, कारण तिच्या मते ह्या घरात गोगलगायींचं दुःख झालेला तेवढा एकच माणूस होता. शार्दूलशी मात्र कामापुरतं. डबा घे, बिल भर, गॅस संपलाय. तो बिचारा संध्याकाळी येताना तिच्या आवडीचे खजूर आण, फुलं आण, असं करी; ती "ठेव तिथं" म्हणे. अवनीसुद्धा दोघांकडे आळीपाळीनं बघून आपल्या खोलीत जाई. सदानंदराव रोज ठरवत की उद्या चहाच्या वेळी सांगायचं. चहाच्या वेळी मंजिरी म्हणे, "तुम्ही होतात म्हणून काय झालं ते निदान नीट कळलं तरी बाबा," आणि ते कप उचलून तोंडाला लावत.

असे दिवस चालले असताना एका शुक्रवारी सकाळी वरच्या मजल्यावरची कुबरा खाली आली. ती दापोलीकडची, नवऱ्याचं इथं बांधकामाच्या सामानाचं दुकान. हातात काचेची मोठी बरणी होती आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"मंजिरी, डोळे मिट आधी. काका, तुम्ही सांगू नका हां!"

बरणीत दोन गोगलगायी होत्या. पिकल्या जांभळाच्या रंगाच्या.

"गेल्या साली तू मला दिली होतीस ना पिल्लं? बाकीची गेली माझ्याकडं, मला कुठं जमतंय तुझ्यासारखं. पण ह्या दोन तगल्या बघ. एक नर आहे, एक मादी, तूच सांगितलं होतंस ओळखायला. तुझ्याच आहेत, तू घे."

मंजिरीनं बरणी दोन्ही हातांनी धरली. मिरजेहून आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा उमलला. "शार्दूल!" तिनं हाक मारली, आणि तिच्या त्या हाकेनं शार्दूल दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आला. "बघ ना! वंश आहे अजून! संपलेलं नाही!" ती बोलता बोलता नवऱ्याचा दंड धरून त्याला हलवत होती. मग तिनं टाकीचं झाकण उचललं.

सदानंदराव उठले. "अगं, लगेच नको घालूस. वाळू बदल आधी, पाणी बदल. सगळं उपसून काढ."

"कशाला बाबा? फवारणीचं काय असेल ते एव्हाना उतरलं. वाळू उपसली तर झाडं मरतील, किती वर्षांची आहेत."

"तरी माझं ऐक."

"तुम्ही उगाच भ्यायलात. झालं ते झालं." ती प्रेमानं हसली, बाही वर केली आणि बरणीत हात घालून मादी अलगद उचलली.

ती गोगलगाय त्या पाण्यात गेली तर काय होईल, हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. गप्प राहिलं असतं तर कुणाला कधी कळलंही नसतं. फवारणीवर, उन्हाळ्यावर, नशिबावर गेलं असतं सगळं.

"मंजिरी, त्या पाण्यात तांबं आहे," सदानंदराव म्हणाले.

तिचा हात पाण्यावर थांबला.

"मी घातलं. कळशीतलं. पिल्लं झाल्यापासून रोज. मला वाटलं, घरातलं चांगलं पाणी आहे."

शार्दूलच्या हनुवटीवरचा साबण सुकत चालला होता. मंजिरीनं गोगलगाय पुन्हा बरणीत सोडली, झाकण लावलं, हात पदराला पुसला. मग ती वळली.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"फोनवर. सरळ विचारलं होतं, बाबा."

"हो."

"पाणी घातलंत ते मी समजू शकते. मायेनं घातलंत. मी रागावलेही नसते, खरंच सांगते." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर सदानंदरावांना बरं वाटलं असतं. "मला दिसत होतं सगळं. मासे जिवंत, झाडं जिवंत, ह्याच तेवढ्या मेल्या. मी हेच शिकलेय. पण तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी माझं शिकलेलं खोटं धरलं आणि तुमचं खरं धरलं. आणि ह्याला..." तिनं शार्दूलकडे पाहिलं. मग ती त्याच्याजवळ गेली, तोंडावरचा साबण आपल्या ओल्या हातानंच पुसला आणि म्हणाली, "माझं चुकलं रे. फार बोलले मी तुला."

शार्दूल बायकोकडे बघत होता. बापाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

कुबरानं बरणी उचलली. "मी वर नेते. तुझी टाकी नीट होईस्तोवर राहतील माझ्याकडं." जाताना तिनं सदानंदरावांना रोजच्यासारखं "येते हां काका" म्हटलं, पण त्यांच्याकडे न बघता.

त्यानंतर घरात कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. मंजिरीनं टाकी रिकामी केली, वाळू फेकली, सगळी झाडं उपटून टाकली. सदानंदराव बादल्या उचलायला पुढं झाले तर "राहू दे बाबा, पाठ धरेल" असं म्हणून तिनं त्या शार्दूलकडे दिल्या. दोघं नवरा-बायको मिळून काच घासत होती, मधे कशावर तरी हसलीही. सदानंदरावांना ते बघून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातही आपल्याला कुणी बोलावणार नाही हे त्यांना कळत होतं. चहा वेळेवर मिळत होता. जेवायला त्यांच्या आवडीची शेंगदाण्याची आमटी होत होती. पहाटे ते उठून हॉलमध्ये बसत; मंजिरीला हल्ली जाग यायची नाही.

व्हिसा संपत आला होता, तिकीट काढलेलं होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात एकदा जेवणं झाल्यावर मंजिरीनं विचारलं, "बाबा, ब्लडप्रेशरची गोळी घेतलीत?"

"घेतली."

"बरं," ती म्हणाली.

आणि मग ती त्यांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. सोफ्यावरून सदानंदरावांना सरळ दिसत होतं. तिनं उशाजवळची गोळ्यांची पट्टी उचलली, दिव्याखाली धरली आणि एकेक घर मोजून पाहिलं. मग पट्टी होती तशी ठेवून ती दिवा मालवून बाहेर आली, आणि त्यांच्याकडे बघून नेहमीसारखं हसली.

गोळी त्यांनी खरंच घेतली होती.